काचेच्या बूथमधली तालीम

बाबांना ती जागा पहिल्या नजरेतच पटली नाही. हे म्हणे ऑफिस! एकाच हॉलमध्ये डझनभर टेबलं, प्रत्येक टेबलावर निराळी कंपनी, आणि साहेब कोण नि कारकून कोण, पत्ता लागेल तर शपथ. को-वर्किंग म्हणतात याला. "टेबल भाड्याचं, खुर्ची भाड्याची, स्वतःचं म्हणाल तर डोक्यातलं खूळ तेवढं," ते पुटपुटले.

लेकीचं खूळ म्हणजे म्हाताऱ्यांना औषधाच्या पाकिटावरचं बारीक अक्षर मोठ्याने वाचून दाखवणारं यंत्र. त्यापायी तिने चांगली नोकरी सोडली होती. घरात ठरलं होतं, आज इस्पितळाच्या मोठ्या डॉक्टरीणबाई हो म्हणाल्या तर धंदा, नाहीतर मुकाट्याने पुन्हा नोकरी. आणि त्यांच्यापुढे बोलणार कोण, तर ही, लहानपणापासून अडखळणारी! म्हणून बाबा हजर होते. तिचा शब्द अडला की पुरा करायचं काम आजवर त्यांनीच केलं होतं. शाळेत, दुकानात, पाहुण्यांसमोरसुद्धा.

"बसा काका," शेजारच्या टेबलावरच्या दाढीवाल्याने खुर्ची सरकवली. तो सायकली भाड्याने द्यायचा.

डॉक्टरीणबाई आल्या. लेकीने सुरुवात झकास केली, आणि अडली. "हे यंत्र प... प..."

बाबा मनातल्या मनात शब्द शोधू लागले. पाकीट? पेशंट? काहीतरी बोलून टाकावं म्हणून ते उठलेच. दाढीवाल्याने हात धरला.

"थांबा काका. येतो तो शब्द. रोज येतो."

"तुम्हाला काय माहीत?"

"कोपऱ्यात फोनवर बोलायला तो काचेचा बूथ आहे ना, त्यात ती तालीम करते. तिला वाटतं, आवाज बाहेर जात नाही. अहो, सगळं ऐकू येतं! आम्हाला तोंडपाठ झालंय. पण तिला कुणी सांगितलं नाही, नाहीतर तिने तालीमच सोडली असती."

बाबांनी मान वर केली. हॉलमधली टकटक थांबली होती. कुणी बाटली तोंडाशी धरून, कुणी फोन कानाला लावून गप्प बसलं होतं. पुढचा शब्द सगळ्यांना ठाऊक, आणि एकानेही तो उच्चारला नाही. काय पोरं म्हणायची ही! बाबांना त्यांचं भारी कौतुक वाटलं, आणि स्वतःची थोडी लाजही.

"...पहिल्यांदा तारीख वाचतं," लेक म्हणाली. "औषध जुनं असेल तर तिथेच सांगतं."

डॉक्टरीणबाईंनी पर्समधून स्वतःच्याच गोळ्या काढून यंत्रासमोर धरल्या. यंत्राने खणखणीत आवाजात सांगितलं, तारीख उलटून गेली आहे. बाई खळखळून हसल्या. "आमच्या वॉर्डात लावाच हे." हॉलमध्ये असा गलका उडाला की बाबाही टाळ्या पिटत सुटले.

जिना उतरताना लेक थबकली. "बाबा, क... क..."

शब्द बाबांच्या अगदी जिभेवर होता. त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि पायरीवर उभे राहिले.

"कसं वाटलं?" तिने विचारलं.

बाबा बोलायला गेले, आणि या वेळी शब्द त्यांचाच अडला. लेक काही न बोलता थांबली.