शेण मी गिळते, तुम्ही नको

मी एक जुनी, झाकणाची काचेची बशी आहे. मित्रांनो, बशी म्हटल्यावर तुम्हाला चहा आठवला असेल. मलाही तीच आशा होती. पण केडगावजवळच्या गुरांच्या रोगांच्या एका लहानशा प्रयोगशाळेत मी आले आणि माझ्या वाट्याला आलं ते शेण! शी! आजही सांगताना शिसारी येते.

माझ्यात मटणाच्या रसाचा थर ओतून थिजवत, त्यावर जरासं शेण फिरवत आणि मला उबेच्या पेटीत ठेवत. दुसऱ्या दिवशी चिकट, ओले ठिपके उगवत. तेच जंतू. वास असा, की मला नाक नाही हेच बरं.

बहात्तर सालच्या दुष्काळात जवळच्या वाडीतल्या झुंबरबाई आमच्या प्रयोगशाळेच्या डॉक्टर दिलावरांकडे रडत आल्या. त्यांची तीन वर्षांची बनू रक्ताच्या आवेने दवाखान्यात होती, आणि तिथल्यांनी गाय तपासून घ्यायला सांगितलं होतं. थोरली रंगू आदल्या वर्षी अशीच गेली होती. डॉक्टरांनी तीन बशा घेतल्या. गाईचं शेण माझ्यात, दूध दुसरीत, बनूची विष्ठा तिसरीत. तपासण्या झाल्या. तिन्हींत जंतू एकच!

"गाय तर धडधाकट हाय," झुंबरबाई म्हणाल्या.

"चरायला सोडताना सडांना काय लावता?"

"शेन. वासरानं पिऊ न्हाई म्हनून. सांजच्याला पदरानं पुसते अन् धार काढते. धुवायला पानी कुठं हाय? पोरीला तसंच धारोष्ण पाजते, ताकद येती."

मी निदान काचेची आहे, ती तर तीन वर्षांची पोर!

"शेन काय घान हाय व्हय? आमी त्यानं घर सारवतो."

"घर खुशाल सारवा, बाई. पोरीचं पोट नको." डॉक्टरांनी मला त्यांच्यासमोर धरलं. झुंबरबाईंनी ठिपके पाहिले आणि पदर तोंडाला लावला.

"ह्ये म्या पाजलं?"

डॉक्टरांनी मला खाली ठेवलं.

बनू वाचली. झुंबरबाईंनी शेण सोडलं, गाईच्या कासेला कापडी पिशवी बांधली आणि दूध उकळायला लागल्या. महिन्याने बनूच्या वाटीतलं दूध घेऊन आल्या. "आता बगा, डागदर."

ते दूध माझ्यात पडलं. दोन दिवस काहीच उगवलं नाही. झुंबरबाईंनी मला उजेडात धरून कितीदा तरी पाहिलं.

"ह्यात काईच न्हाई," त्या म्हणाल्या, आणि रंगूचं नाव घेऊन घळाघळा रडल्या.

मित्रांनो, दूध उकळूनच प्या. शेण माझ्याकडे पाठवा. किळस आली तरी मी गिळीन. मला वाफेत तापवून पुन्हा स्वच्छ करता येतं. रंगूला तसं करता आलं नाही.