मामाची गाडी आणि सोनूबाईची शेळी

तीर्थपुरी मागे टाकून मुकुंदराव गोदाकाठी पोचले तेव्हा सव्वाअकरा झाले होते, आणि समोर पूल नव्हता.

नदीत तीन खांब होते. तिसऱ्यावर एक पाणकावळा पंख पसरून वाळत बसला होता. बाकीचा पूल कागदावर होता आणि हे मुकुंदरावांना माहीत असायला हवं होतं, कारण तो कागद त्यांच्याच हातचा. जालन्याला एका खात्यात नोकरी करताना त्यांनी ओळीनं एकोणीस वर्षं वार्षिक अहवालात लिहिलं होतं, 'पुलाचे काम अंतिम टप्प्यात आहे.' तेच वाक्य इतकी वर्षं सुवाच्य अक्षरात लिहीत गेलं की लिहिणाऱ्यालाही ते पटायला लागतं. निवृत्तीला आता चार वर्षं झाली होती. म्हणजे हिशेबानं पूल कधीच झाला असणार. म्हणून तर शैलाताईंनी फोनवर दोनदा बजावूनही, "लांबच्या पुलावरूनच या हं," ते या रस्त्यानं आले होते.

पल्याडच्या गावात बारा पस्तीसला त्यांच्या भाचीचं, स्वराचं लग्न होतं. मामानं दिलेली पिवळी साडी नेसूनच नवरी बोहल्यावर चढते. ती साडी मुकुंदरावांच्या मोटरसायकलच्या कॅरियरला बांधलेली होती. शैलाताई मुलाबरोबर, केदारबरोबर, त्याच्या चारचाकीनं कालच पुढे गेल्या होत्या. फॉल-पिको करून साडी आणायची एवढं एकच काम नवऱ्याकडे ठेवलं होतं. शिंप्यानं ती आज सकाळी दिली. आता माघारी फिरून लांबच्या पुलानं जायचं म्हणजे पावणेदोन तास.

काठाला पत्र्याची एक होडी लागलेली होती. तीत साठीची एक बाई काष्टा घालून, स्वतःच्या दुप्पट उंचीचा बांबू धरून उभी होती. ती झुंबरबाई.

"गाडी न्यायची का पल्याड?"

"नेता येते?"

"परवा पिठाची चक्की नेली, मोटर बिटर सगळी. गाडीचं काय घेऊन बसले साहेब!"

मुकुंदरावांनी टाकीवर हात ठेवला. गाडी चौतीस वर्षांची होती आणि अंगावर एक ओरखडा नव्हता. शैलाताई म्हणत, यांचा खरा संसार गाडीशी, मी आपली मागच्या सीटवर.

झुंबरबाईनं दोन फळ्या टाकल्या. होडीतून सोनूबाई नावाची एक म्हातारी उतरली, शेळीचं दावं पायाखाली दाबलं आणि गाडीला मागून हात लावला. दोघींनी "हं" म्हटलं. मुकुंदरावांनी मदतीला हात पुढे केला तोवर गाडी होडीच्या मधोमध, पोत्यांना टेकून उभी होती. त्यांच्या खात्यात टेबल हलवायचं तर सहा माणसं आणि एक परिपत्रक लागे.

"स्टँड लावतो," मुकुंदराव म्हणाले.

"बिलकुल न्हाई. स्टँडवरची गाडी ताठ ऱ्हाती. नाव डोलती तसं गाडीनं डोलाव लागतं. गेअरात टाका अन् तुमी तिकडं टोकाला बसा."

"मी गाडी धरतो ना."

"सोनूबाई धरती. तुमी सोनूबाईची शेळी धरा."

मुकुंदरावांना वाटलं, बाई थट्टा करतेय. झुंबरबाईचा चेहरा ढिम्म होता.

"इथं आपली चीज आपुन धरत न्हाईत साहेब. कायदाच हाये माझ्या नावंचा. मागल्या साली एक पाव्हणा ऐकंना. गाडी कलली, ह्यानं मिठी मारली, दोघं बराबर पाण्यात. गाडी निघाली वर. त्याची कवळी आजून घावली न्हाई."

"आपल्या वस्तूपायी माणूस येडं होतं," सोनूबाई म्हणाली. "दुसऱ्याची आसली म्हंजी डोस्कं ठिकाणावर ऱ्हातं. बसा दादा. चावत न्हाई ती."

एकतीस वर्षांच्या नोकरीत मुकुंदरावांनी नियमांची पुस्तकंच्या पुस्तकं पाठ केली होती. त्यांतला एकही नियम इतका अक्कलवान निघाला नव्हता. ते मुकाट्यानं शेळीजवळ जाऊन बसले.

निघण्याआधी झुंबरबाईनं कॅरियरची पिशवी सोडली. "लग्नाचं हाये ना? हे गाडीवर नसतं ठिवायचं." तिनं पिशवी आपल्या डोक्यावर घेतली, वरून पदर गच्च बांधला आणि बांबू रोवला. होडी सुटली.

"पूल कधी व्हायचा म्हणायचा ओ?" खांबाजवळून जाताना तिनं विचारलं. "मी नांदायला आल्ते तवापासून ऐकून राह्यले."

मुकुंदरावांनी शेळीकडे पाहिलं. शेळीनं त्यांच्याकडे पाहिलं. खोटं बोलायला दोघांनाही जमेना.

"ते काम माझ्याच टेबलावर होतं," ते म्हणाले. "एकोणीस वर्षं."

बांबू क्षणभर थांबला. आता आपल्याला इथंच उतरवणार, असं मुकुंदरावांना वाटलं.

"अगं बाई! सोनूबाई, ऐकलं का? म्हंजी आपल्या घरची चूल ह्यांनीच पेटती ठिवली की! पूल झाला आस्ता तर मी काय केलं आस्तं?" तिनं बांबू काखेत धरून खरोखर हात जोडले. मुकुंदरावांच्या निरोप समारंभातही एवढे मनापासून कुणी जोडले नव्हते.

मधल्या धारेत वारा आला. होडी डावीकडे कलली, पाण्याचा एक सपका आत आला, आणि गाडी पोत्यांवरून सुटून पाण्याकडे झुकली. मुकुंदराव ताडकन अर्धे उठले. त्यांच्याबरोबर शेळीही उठली. होडीचा काठ पाण्याला टेकला.

"शेळी!" झुंबरबाई म्हणाली. एवढंच.

तिच्या डोक्यावर साडी होती. मुकुंदरावांनी डोळे मिटले, खाली बसले आणि शेळीला दोन्ही हातांनी पोटाशी धरलं.

डोळे उघडले तेव्हा होडी सरळ झाली होती. सोनूबाईनं गाडी अडवायचा प्रयत्नच केला नव्हता. ती गाडीबरोबर झुकली होती, गुडघा खाली घालून तिनं ती पोत्यांवर अलगद आडवी निजवली होती, झोपलेलं लेकरू खाटेवर ठेवावं तशी.

"टाकीला जरा खरचटलं दादा," ती म्हणाली. "शेळी बरी हाये ना?"

"बरी आहे."

"मंग झालं."

बारा दहाला मुकुंदराव मांडवात होते. साडी कोरडी होती. त्यांची बहीण सत्यशीला पिशवी घेताना म्हणाली, "दादा, जल्दी आलास रे! पूल झाला वाटतं?" मग नाक आकसून, "अन् हा वास कशाचा येऊन राह्यला?"  शैलाताई बाहेर जाऊन गाडी बघून आल्या, टाकीवरचा ओरखडा बघितला, नवऱ्याच्या चेहऱ्यावर त्याबद्दल काहीच दिसेना, तेव्हा मात्र त्यांनी त्यांच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी केदारची चारचाकी लांबच्या पुलानं गेली. मुकुंदराव परतीसाठी गाडी घेऊन घाटावर आले. होडीत आधीच कल्याण नावाच्या एका तरुणाची कोरी गाडी चढली होती, सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा निघालं नव्हतं. कल्याण हँडल सोडायला तयार नव्हता.

"ओ मावशी, माझी मी धरतो ना!"

झुंबरबाईनं काठाकडे पाहिलं.

"साहेब, तुमची गाडी दुसऱ्या खेपंला घेते. आत्ता ह्याची धरा. आन् ए, तू त्या टोकाला बस. ह्यांच्या हातात काल शेळी दिल्ती, पार पोचंस्तोवर सोडली न्हाई."

मुकुंदराव चपला हातात घेऊन होडीत चढले. त्यांनी त्या पोराचं हँडल धरलं, गेअर तपासला, स्टँड वर केलं आणि गुडघा कुठे टेकवायचा ते बघून ठेवलं.

"बसा दादा," ते कल्याणला म्हणाले. "आपल्या वस्तूपायी माणूस येडं होतं."