पाचवं पाजणं

रुकय्याने चमचा पोरीच्या ओठांशी नेला. दोन थेंब आत गेले, तिसऱ्याबरोबर सगळंच बाहेर आलं. ओढणीच्या टोकाने तिने तिची हनुवटी पुसली. पोर रडली नाही. सकाळपर्यंत रडत होती. आता नुसतीच तोंड उघडून मिटत होती. टाळू खोल गेली होती आणि लंगोट बदलून बदलून वाळत घालायला दोरी पुरत नव्हती.

"पाणी नीट उकळलंस ना?" मुनव्वरने दारातून विचारलं.

"तीनदा उकळलं. मचूळ पाण्याला उकळून काय होणार?"

पोर शेजारच्या अमिरुन्निसाची होती, पाच दिवसांची. आखाती मुलखातल्या जहऱ्यात, एका अंगणाभोवती दोन खोल्या होत्या. एकीत मुनव्वर आणि रुकय्या, दुसरीत हमीद आणि अमिरुन्निसा. दोघे पुरुष दाभोळ खाडीवरच्या एकाच गावचे. हमीद ट्रक चालवायचा. मुनव्वर शुवैख बंदरावर गोदामात कारकून होता. दुधाच्या भुकटीचा डबा त्यानेच आणला होता. बाळंतपण घरीच झालं. तिसऱ्या दिवशी अमिरुन्निसाला हुडहुडी भरून ताप चढला. हॉस्पिटलने तिला ठेवून घेतलं आणि आईचा ताप बाळाला नको म्हणून पोरीला घरी पाठवलं.

रुकय्याला दूध होतं. नऊ महिन्यांचा सिराज अजून अंगावर पीत होता. तरी ती चमचा घेऊन बसली होती, याला कारण होतं.

अमिरुन्निसाला सातवा महिना लागला तेव्हा ती म्हणाली होती, "मुलगी झाली तर तुझ्या सिराजची." बायकांचं बोलणं म्हणून पुरुष हसले, पण हमीदने ते गावी कळवलं आणि दोन्ही घरच्या म्हाताऱ्यांनी उलट टपाली मुबारकबाद धाडली. रुकय्याला सख्खी बहीण नव्हती. परमुलखात शेजार कितीही जिवाचा असला तरी एखाद्या दिवशी बिऱ्हाड उचलून निघून जातो, हे तिने दोनदा पाहिलं होतं. नातं तसं जात नाही.

आणि दुधाचा कायदा तिला लहानपणी कुराण शिकवणाऱ्या आपाने पाठ करून घेतला होता. पाच वेळा पोट भरून पाजलं की ते मूल आपल्या मुलांचं भावंड होतं. मग त्यांच्यात निकाह नाही. पाचच्या आत काही बिघडत नाही.

तिने चमचा वाटीत ठेवला आणि पोरीला अंगाशी घेतलं. पोरीला आधी समजलंच नाही. तिसऱ्या खेपेला तिने धरलं, आणि मग तिच्या कानशिलाजवळची शीर हलत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत चार पाजणी झाली. जुलाब कमी झाले. पोर मोठ्याने रडली, तेव्हा मुनव्वरही हसला.

"किती झाली?" त्याने विचारलं.

"चार."

"मग बस कर. जीव धरलाय तिने. आता डबा दे."

तो वाईट माणूस नव्हता. कामावर निघताना त्याने स्वतः पाणी उकळून ठेवलं.

रुकय्याने दोन वेळा डब्याचं दूध दिलं. दुपारी पोरीने पुन्हा सगळं ओकलं आणि डोळे अर्धे मिटून पडून राहिली. घरात कुणी नव्हतं, तरी रुकय्याने दाराला कडी घातली. भिंतीकडे तोंड करून ती बसली आणि तिने पोरीला पाजायला घेतलं. सिराज रांगत आला, तिचा कुडता ओढू लागला. त्यालाही तिने दुसऱ्या बाजूला घेतलं. पिता पिता त्याने पोरीच्या डोळ्यात बोट घालायचा प्रयत्न केला. रुकय्याने त्याचा हात धरून ठेवला.

त्यानंतर तिने मोजणं सोडलं.

संध्याकाळी मुनव्वरने डबा उघडून पाहिला. भुकटी फारशी उतरली नव्हती. त्याने झाकण लावलं आणि अंगणात जाऊन बसला.

अमिरुन्निसा सोळा दिवसांनी आली. हमीदने तिला खांद्याला धरून आत आणलं. तिची गालफडं बसली होती. पोरीला मांडीवर घेऊन तिने मनगटाच्या वळ्या पाहिल्या, मांड्या चाचपल्या. मग हमीदला म्हणाली, "तुम्ही जरा बाहेर बसा."

तो गेल्यावर तिने विचारलं, "किती वेळा पाजलंस गो?"

रुकय्याने ओढणी सावरली.

"चार असतील." अमिरुन्निसा पोरीच्या टोपड्याचा बंद सोडून पुन्हा बांधत होती. तिने वर पाहिलं नाही. "चारच ना?"

नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं. मुनव्वर तोंड उघडणार नव्हता. तिसऱ्या कुणी विचारायचा प्रश्न नव्हता.

"नाही," रुकय्या म्हणाली. "चारच्या पुढचं मी मोजलंच नाही."

अमिरुन्निसाने बंदाची गाठ पक्की केली. "बरं," ती म्हणाली. "गावी पत्र टाकायला हवं."

मग तिने पोरीला अंगाशी घेतलं. हॉस्पिटलातली नर्स तिला रोज हाताने दूध काढायला लावायची. आहे तेवढं काढत राहा, नाहीतर आटेल. बाळ लागलं की वाढेल आणि तुझंही पोट लवकर आवळेल, असं तिने सांगितलं होतं. पण पोर लागेना. तोंड फिरवून किंचाळू लागली.

"बसून नको, आडवी हो," रुकय्या म्हणाली. "तिचं पोट तुझ्या पोटाला लाव."

आवाज ऐकताच पोरीने मान वळवली आणि रुकय्याच्या बाजूला तोंड उघडलं. अमिरुन्निसाचा हात तसाच राहिला.

"तुला शोधतेय," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता.

रुकय्या उठली. अंगण ओलांडून आपल्या खोलीत आली आणि दार लावून घेतलं. रडणं भिंतीतून येतच होतं. तिच्या छातीत चमक आली आणि कुडता दोन्हीकडे ओला झाला. तिने हातांची घडी छातीवर घट्ट दाबली. सिराज जमिनीवर झोपला होता. रडणं वाढलं, बसक्या आवाजात उतरलं, पुन्हा वाढलं. एकदा ती दारापर्यंत गेली आणि परत येऊन बसली.

मग रडणं थांबलं. पुन्हा सुरू होईल म्हणून ती कान देऊन राहिली. बऱ्याच वेळाने भिंतीपलीकडून दबलेली हाक आली.

"रुकय्या! लागली गो!"

रुकय्याने तोंड उघडलं आणि ओढणीचा बोळा त्यावर धरला. तिने ओ दिली नाही. पोरीने आवाज ओळखला असता.