केशरबाईच्या वाट्याचं पत्र

अधिवेशन संपलं की आमदार बसवंतराव मतदारांना छापील पत्र धाडीत. अंदाजपत्रकाच्या कोणत्या मागणीवर हात वर केला, कोणत्या कपात सूचनेला नाही म्हटलं, आणि का. सेलूच्या घरी त्या पत्रांच्या घड्या घालायचं काम त्यांच्या बायकोचं, सिद्धम्माचं. घड्या घालता घालताच ती चाळिशीत वाचायला शिकली. विनियोजन विधेयक हा शब्द तिला शेजारणीच्या नावाइतका तोंडपाठ होता.

यंदा, त्र्याहत्तरच्या वैशाखात, एका मजकुराशी तिचा हात थांबला. 'देवगाव फाट्याच्या केशरबाईंनी कार्डाने कळवले की, दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बायांच्या लेकरांना सावली नाही. त्या कार्डाने माझे डोळे उघडले. मागणीच्या बाजूने मत देताना मी हा प्रश्न सभागृहात मांडला.'

डोळे उघडले म्हणे. शिमग्याला घरी आले तेव्हा हेच सगळं सिद्धम्मानं त्यांना जेवताना सांगितलं होतं. गाडीखाली निजवलेलं लेकरू तिनं जाता-येता पाहिलं होतं. बसवंतराव 'हूं' म्हणाले होते आणि त्यांनी ताक मागितलं होतं.

सगळी पत्रं टपालात गेली. केशरबाईचं तेवढं सिद्धम्मानं पिठाच्या डब्याखाली सारलं.

चौथ्या दिवशी केशरबाईच दारात उभी. इस्त्रीचं लुगडं नेसणारी, चुरूचुरू बोलणारी कुणी असेल असं सिद्धम्मानं मनात रंगवून ठेवलं होतं. हिच्या तर बोटांना चिंध्या बांधलेल्या.

"आक्का, समद्या फाट्याला पत्र आलं, मलाच न्हाई. 'केशरबाई, तुजं नाव छापलंय,' म्हनायलेत लोक."

"टपालाचं काय सांगावं, बाई," सिद्धम्मा खोटं बोलली. "वाचता येतं का तुमाला?"

"कुठलं. कार्ड बी मास्तरनं लिवलं. मी निस्ती बोलले."

निस्ती बोलले. बोलली तर सिद्धम्माही होती. तिनं उठून डब्याखालचं पत्र काढलं, पीठ झटकलं आणि वाचून दाखवलं. केशरबाईनं आपलं नाव आलेली ओळ तीनदा वाचायला लावली. तिसऱ्यांदा सिद्धम्मानं ती कागदाकडे न बघताच म्हटली.

"सावली झाली का मग?"

"झाली की. चार बांबू अन् वर तट्ट्या. आमदार लय ऐकून घेतेत. नशिबाच्या बगा आक्का तुमी."

पत्र पदरात बांधून केशरबाई गेली. दिवेलागणीला बसवंतराव पाटावर बसले. सिद्धम्मानं पिठलं वाढलं, भाकरी हातातच ठेवली.

"सावलीचं तुमाला आधी कोन बोललं?"

"केशरबाई. छापलंय की पत्रात."

"तिच्या आधी?"

बसवंतरावांनी आठवल्यासारखं केलं. "कलेक्टर?"

"ह्याच पाटावर बसला होता तुमी."

ते तिच्याकडे बघत राहिले, मग भाकरीकडे. "मला खरंच आठवंना, सिद्धम्मा."

"आठवा सावकास," ती म्हणाली आणि भाकरी पुन्हा दुरडीत ठेवून तिनं वर फडकं घातलं. "मला कुठं अधिवेशनाला जायाचंय."