मधलं नाव

"थांब रे नवल्या, थांब! दोर शे, दोर!"

यशोदाबाई ओरडल्या तोवर उशीर झाला होता. नवलने बर्फ आणायला ट्रॅक्टर पुढे काढला आणि ट्रॉलीच्या कडीला बांधलेली ताडपत्री त्याच्या मागे निघाली. तिचं दुसरं टोक बाभळीला होतं. बाभूळ काही हलायला तयार नव्हती. मधल्यामध्ये ताडपत्री अशी काही फाटली, की खाली आडव्या झालेल्या बाया दचकून उठून बसल्या. वर चैत्रातलं पांढरंफटक आभाळ होतं, ते थेट डोक्यावर आलं.

नरडाण्याहून सप्तशृंगीच्या गडाला पायी निघालेलं मंडळ आर्वीच्या पुढे हमरस्त्याच्या कडेला विसावलं होतं. ऊन उतरल्याशिवाय पाऊल उचलता येणार नव्हतं. पायांना फोड आलेले, त्यावर हळद लावलेली, आणि सावली म्हणायला ही एकच.

"ध्यान कोठे व्हतं रे तुनं?" यशोदाबाईंनी नवलला धरलं.

"फोन उना व्हता मावशी."

"बायकोना व्हता का? मंग माफ. दुसरा कोनाना व्हवाले नको."

बाया हसल्या. सुनंदाबाई हसल्या नाहीत. त्या उठल्या त्या सरळ फाटलेल्या जागेपाशी गेल्या. ताडपत्रीवर ठळक पांढऱ्या अक्षरांत एक ओळ रंगवलेली होती. चीर त्या ओळीच्या मधूनच गेली होती. 'कै. सौ. लीना' एवढं इकडे, 'भूपेंद्र पाटील यांच्या स्मरणार्थ' तिकडे. जिवंतपणी जे काम वेळेत कुणाला जमलं नाही, ते नवलच्या ट्रॅक्टरने एका हिसक्यात उरकलं होतं.

लीना ही सुनंदाबाईंची मुलगी. सुनंदाबाई धुळ्याला एका प्रसूतिगृहात आया. आख्खा जन्म दुसऱ्यांच्या लेकी मोकळ्या करण्यात गेला. कळा देणाऱ्या पोरीचा हात धरायचा, तिच्या शिव्या खायच्या, बाळ पुसून तिच्या कुशीत ठेवायचं. स्वतःची एकुलती एक शिरपूरकडे दिली होती. ती विहिरीत पाय घसरून गेली, असं सासरच्यांनी कळवलं. ज्या घरात नळ आहे त्या घरातली सून पहाटे विहिरीवर कशाला गेली, हे सुनंदाबाईंनी भेटेल त्याला विचारलं. ज्याला विचारलं त्याने त्यांना पाणी दिलं, उत्तर दिलं नाही. पोलीस ठाण्याच्या पायरीवरून चुडामण आबांनी त्यांना दंडाला धरून माघारी फिरवलं होतं. आबा म्हणजे मंडळाचे अध्यक्ष, आणि लीनाचं लग्न जुळवणारेही तेच. "सुनंदा, पोर तं गयी. आते नातं कसाले तोडस?" म्हणाले होते.

पुढे सुनंदाबाईंनी मंडळाला ही ताडपत्री दिली. लीनाला उन्हाचा फार त्रास व्हायचा, शाळेतून येताना नाकातून रक्त यायचं, म्हणून सावली द्यायची एवढंच मनात होतं. पेंटरला त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं, "लीना लिख. नुसतं लीना." पेंटर बिचारा पद्धतीचा माणूस. लग्न झालेल्या बाईचं नाव असं उघडंबोडकं कसं लिहायचं? त्याने आबांना फोन लावला, आबांनी सगळं नाव सांगितलं आणि त्याने घोटून घोटून रंगवलं. नवऱ्याच्या आधी गेली म्हणून 'सौ.', म्हणजे भाग्यवान. आडनाव माहेरी पाटील, सासरीही पाटील, तेवढंच काय ते बरं. पण मधलं नाव! नारळ फुटताना, हार घातलेला असताना, सुनंदाबाईंनी ती ओळ पहिल्यांदा वाचली. तेव्हापासून दर चैत्रात गडाच्या वाटेवर त्या त्याच नावाखाली झोपत होत्या. झोप कसली!

"दाभण दे वं," त्या यशोदाबाईंना म्हणाल्या. कांद्याच्या गोण्या शिवायचं दाभण आणि सुतळी ट्रॉलीत असायचीच.

तेवढ्यात चुडामण आबा फोन कानाला लावून आले. पांढरी टोपी, गळ्यात देवीचा लाल पट्टा, चेहऱ्यावर काम फत्ते झाल्याचा आनंद.

"शिवाना तरास नको ले सुनंदा. भूपेंद्रशी बोलनं व्हयनं. तो सांजलोंग नवी ताडपत्री धाडी राहिना. यान्हाथून मोठी. दुकाननं नाव टाकीसन. दिलदार शे हां जवाई."

"जवाई कोना?"

"कोना म्हणजे? तुना."

"त्यानी दुसरी करी ना? मंग तो तिना मायबापना जवाई शे. मना कसाना?"

आबा इकडेतिकडे बघत हसले. "असं तोडीसन नही बोलो. बठ्ठा ऐकी राहिनात."

"ऐकू द्या," सुनंदाबाई म्हणाल्या आणि खाली बसल्या.

ऊन डांबरावर उकळत होतं. ट्रक गेला की गरम वारा अंगावर यायचा आणि ताडपत्रीचे दोन्ही तुकडे फडफडायचे. यशोदाबाई एका काठावर बसल्या, नवल निमूटपणे दुसऱ्यावर. चूक त्याची होती, त्यामुळे आज तो कुणीही सांगेल ते ऐकत होता. ताडपत्रीची कडी जिथून उपटून निघाली होती, त्या कोपऱ्यात सुनंदाबाईंनी गोटा घातला, त्याच्याभोवती ताडपत्री गोळा करून दोर आवळला. मग मधल्या चिरेकडे वळल्या. एका तुकड्याचा काठ उचलून दुसऱ्यावर चढवला. चार बोटं चढवला. मग आणखी ओढला. आणखी.

दाभण घुसताना कडक कापड करकरायचं. त्या ज्या जोराने टोचत होत्या, तो जोर ताडपत्रीसाठी नव्हता, हे यशोदाबाईंना कळलं. त्यांनी काठ आणखी घट्ट धरला.

आबांचं लक्ष गेलं तेव्हा टाके निम्म्यावर आले होते.

"अरे अरे! इतलं काब्र चढाडी राहिनी? चार बोटं पुरतस ना!"

"पक्कं व्हस."

"पन नाव दबी गयं!"

"कोनं?"

"भूपेंद्रनं."

"मंग?"

"मंग म्हणजे? लोकं काय म्हनतीन? पद्धत शे बाई. आंडेर एकदाव सासरले दिधी, की तिनं नाव तठलं."

सुनंदाबाईंचा हात थांबला. इतकी वर्षं ज्या आवाजात त्या दवाखान्यात "जोर लाव, पोरी" म्हणत आल्या होत्या, तो आवाज बाहेर आला. रस्त्यापलीकडे उसाच्या रसाची गाडी होती, तिथली माणसंही वळून बघायला लागली.

"मी जिती पोर दिधी व्हती आबा! त्यासनी मरेल वापस करी. वापस उनी ना? मंग आते ती मनी शे. तिनं नाव मी लिखसू, मी पुससू. तुम्ही तव्हय माले पायरीवरथीन उतारं. आज उतारी दखाडा!"

आबांनी टोपी काढली, घाम पुसला, परत घातली.

"ताडपत्री हातभर कमी व्हई," ते शेवटी म्हणाले. "एक मानूस उनमा राही. कोन बठी तठे?"

"मी बठसू."

आबांनी खिशातून फोन काढला. ते ट्रॉलीच्या पलीकडे गेले. थोड्या वेळाने फोनवर त्यांचा आवाज आला, "नही नही, पाहुणा, नको धाडू. आम्हनं भागी गयं." हा आवाज आधीपेक्षा बराच खाली होता.

शेवटची गाठ मारून सुनंदाबाईंनी सुतळी दातांनी तोडली. बाभळीला आणि ट्रॉलीला दोर पुन्हा ताणले गेले. सगळं काही एका दाभणाने निघत नाही. 'सौ.' तशीच राहिली होती, ओळीच्या सुरुवातीला, नटून बसल्यासारखी. पण पुढचं आता सलग वाचता येत होतं.

बाया पुन्हा आडव्या झाल्या. बोदवडकडचं एक मंडळ झेंडा घेऊन रस्त्याने चाललं होतं. त्यातली एक पोरगेलीशी बाई पाणी प्यायला थांबली आणि मान वर करून मोठ्याने वाचायला लागली, "लीना पाटील यांच्या स्मरणार्थ. कोण होत्या हो या?"

यशोदाबाई उत्तर द्यायला उठत होत्या. सुनंदाबाईंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मनी आंडेर," त्या म्हणाल्या.

"असं नाही, पुरं नाव सांगा ना मावशी. कोणाच्या घरची?"

"मनीच."

बाईने मान डोलावली, ओंजळीत उरलेलं पाणी तोंडावर मारलं आणि आपल्या माणसांमागे पळाली. सुनंदाबाई ताडपत्रीच्या कडेला बसल्या होत्या. पाठ सावलीत होती. पाय बाहेर, उन्हात. यशोदाबाईंनी सरकून जागा केली, दोनदा हाक मारली. सुनंदाबाईंनी पाय आत घेतले नाहीत.