कंसाबाहेरचा ‘नाही’

मी एक जुना ‘नाही’ आहे. मित्रांनो, हसू नका. तुमच्या गणिताच्या वहीत जसे अधिक आणि गुणिले असतात, तसे संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये माझ्यासारखे ‘नाही’ असतात. खऱ्याचे खोटे करायचे आणि खोट्याचे खरे, एवढेच माझे काम. आत्मवृत्त सांगणारे बहुतेक जण आधी आपले पराक्रम सांगतात. माझाही एक पराक्रम आहे, पण तो सांगताना माझी मान वर होत नाही.

माझा जन्म वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यालगत, टार्वो क्रीक नावाच्या ओढ्याकाठच्या छोट्या गावात झाला. गावातली लाकडाची गिरणी केव्हाच बंद पडली होती आणि ओढ्यात दर शरदात येणारे सॅमन मासेही येईनासे झाले होते. गिरणीचे कोणाला काही करता येण्यासारखे नव्हते. माशांसाठी मात्र गावकऱ्यांनी ओढ्याकाठी टाक्या बांधल्या. सरकारी खात्याकडून अंडी आणायची, पिल्ले बोटाएवढी झाली की ओढ्यात सोडायची आणि मोठी होऊन ती परत येतील म्हणून वाट बघायची. या टाक्यांची राखण आयनो सारेला नावाचे आजोबा करत. गिरणीत चाळीस वर्षे वायरमन होते, वय चौऱ्याहत्तर, बोलणे कमी आणि कॉफी फार.

टाक्यांना दोन गोष्टी लागत. पंप ओढ्याचे पाणी आणी आणि एक म्हातारा कॉम्प्रेसर पाण्यात हवेचे बुडबुडे सोडी. यातले काहीही बंद पडले तर छपरावरचा भोंगा वाजावा, असा प्रोग्रॅम शाळेत गणित शिकवणाऱ्या व्हर्ना किविस्टो यांनी एका हिवाळ्यात स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लिहिला. त्यातल्या अकराव्या ओळीत मी जन्मलो. ओळ अशी होती: नाही पाणी-ठीक आणि हवा-ठीक, तर भोंगा. बाईंनी ती मोठ्याने वाचली, कानाला बरी वाटली आणि त्या मटाराचे सूप ढवळायला उठल्या.

आता आमच्या घराण्याची एक गोष्ट सांगितली पाहिजे. तुम्ही शाळेत ‘कंचेभागुबेव’ घोकता ना? आमच्यातही तसेच मानपान असते. आधी गुणाकार-भागाकार बसतात, मग बेरीज-वजाबाकी, मग लहानमोठे ठरवणारी चिन्हे, मग मी, माझ्यानंतर ‘आणि’ आणि सर्वांत शेवटी बिचारा ‘किंवा’. ज्याचा मान मोठा त्याने आधी वाढून घ्यायचे. मला या मानाचा भारी तोरा होता. माझ्या शेजारी जे पहिले दिसेल ते मी उचलतो आणि पुढच्याकडे बघतही नाही. या घाईला एकच लगाम असतो, तो म्हणजे कंस. बाईंच्या मनात होते की ‘पाणी ठीक आणि हवा ठीक’ ही सगळी जोडी मी एकदम नाकारावी. म्हणजे दोन्हींतले एक जरी बिघडले तरी बोंब व्हावी. पण त्यांनी जोडीभोवती कंस घातला नाही आणि मी फक्त पाणी उचलले. ओळीचा अर्थ उरला तो असा: पाणी ठीक नसेल आणि हवा ठीक असेल, तरच भोंगा.

पहिली दोन वर्षे कोणालाच काही कळले नाही. पानगळीत पंपाच्या तोंडाशी पाला अडकला की पाणी थांबे, हवा चालू असे, मी भोंगा वाजवी आणि आयनोआजोबा बूट न बांधताच धावत येत. दोनदा पिल्ले वाचली. तेव्हा बाईंनी ब्लॅकबेरी भरून भाजलेला गोड ‘पाय’ करून आणला होता. तो मला मिळण्यासारखा नव्हता, तरी मी फुगलो. दर सोमवारी आजोबा पाण्याची चावी बंद करून भोंग्याची परीक्षा घेत. हवेची परीक्षा मात्र कोणी घेतली नाही, कारण तो कॉम्प्रेसर एकदा थांबला की पुन्हा सुरू करताना अर्धा दिवस शिव्यांत जाई. आजोबा म्हणत, “झोपलेल्या म्हाताऱ्याला उगाच कशाला उठवायचं?”

तिसऱ्या वर्षी खात्याने चाळीस हजार अंडी दिली आणि बजावले की एवढी शेवटची. त्यांतले किती मासे परत येतात ते बघून पुढचे ठरेल. मार्चपर्यंत पिल्ले छान वाढली होती.

त्या रविवारी सकाळी सोसाट्याचा वारा सुटला. गाव ओढ्यापलीकडच्या चर्चमध्ये होते. मधेच दिवे गेले. आयनोआजोबा अर्धे उठले आणि त्यांनी कान दिला. टाक्यांची वीज दुसऱ्या रस्त्याने येई, त्यामुळे ती गेली की राहिली हे इथून कळायला मार्ग नव्हता. भोंगा आणि संगणक बॅटरीवर चालत. वीज गेली असती तर भोंगा वाजला असता.

“बसा हो, वाजला असता ना,” बाई कुजबुजल्या.

आजोबा बसले.

मित्रांनो, तिकडे मी जागा होतो. झाड पडून तिकडचीही तार तुटली होती. पाणी थांबले होते, हवाही थांबली होती. मी पाणी उचलले आणि म्हणालो, ठीक नाही. मग ‘आणि’ने हवेला विचारले, तू ठीक आहेस का? ती म्हणाली, नाही. दोन्ही बाजू खऱ्या असल्याशिवाय ‘आणि’ होकार देत नाही. तो गप्प बसला, भोंगाही गप्प बसला. मी माझ्या मानाच्या जागी बसून राहिलो. प्रार्थना संपली, कॉफी झाली, तोवर चाळीस हजार पिल्ले पोट वर करून तरंगत होती.

भोंग्याला एक बटण होते. टाक्या धुताना ते बंद करत. आजोबांनी शनिवारीच टाक्या धुतल्या होत्या. त्या गडबडीत त्यांनी बटण इतक्या वेळा खालीवर केले की ते आधी चालू होते की बंद, हे कोणालाच सांगता येईना, त्यांना स्वतःलाही नाही. गावाने ठरवून टाकले की म्हातारा बटण लावायला विसरला. हळूहळू आजोबांनाही तसेच वाटू लागले. अपराध माझा होता आणि मान खाली गेली त्या माणसाची. मला तोंड असते तर मी ओरडून सांगितले असते. पण वाजायच्या वेळी जो वाजला नाही, त्याने अशी बढाई मारू नये.

नऊ दिवसांनी, मंगळवारी, व्हर्नाबाई एकट्याच आल्या. त्यांनी पाणी बंद केले, भोंगा वाजला. मग कॉम्प्रेसरही बंद केला आणि भोंगा तोंड मिटून गप्प झाला. बाई अकरावी ओळ उघडून कितीतरी वेळ माझ्याकडे बघत होत्या. ज्या बाईंनी गावातल्या तीन पिढ्यांना ‘आधी कंस’ म्हणून दटावले, त्यांच्याच ओळीत कंस नव्हता. त्यांनी जोडीभोवती दोन कंस घातले, कॉम्प्रेसर कसाबसा सुरू केला आणि त्या घरी गेल्या. कोणाला काही बोलल्या नाहीत. बुधवारी नाही, गुरुवारी नाही, शुक्रवारीही नाही. मला त्यांच्यावर रागावायचा हक्क नव्हता, पण मी रागावलो.

शनिवारी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये गावाची पॅनकेकची न्याहारी असते. तिथे काय घडले ते मला नंतर टाक्यांपाशी झालेल्या बोलण्यांतून कळले. आजोबा आले तेच टाक्यांच्या खोलीची किल्ली परत द्यायला. गिरणीतले त्यांचे जुने सोबती आर्विड यांना राहवले नाही.

“काय रे आयनो, घरची शेगडी तरी बंद करून आलास ना?”

दोघे-तिघे हसले. आजोबांनी किल्ली टेबलावर ठेवली. तेव्हा व्हर्नाबाई उठल्या.

“बटण चालू असतं तरी भोंगा वाजला नसता. चूक माझी आहे. माझ्या ओळीत कंस घालायचा राहिला होता, म्हणून दोन्ही गेलं की भोंगा वाजायचाच नाही. आयनोंनी काही केलेलं नाही.”

आर्विडनी सिरपची बाटली हळूच आजोबांपुढे सरकवली.

“तुला कधी कळलं हे?” आजोबांनी विचारले.

“मंगळवारी.”

“आज शनिवार आहे, व्हर्ना.”

“हो. माझं धाडस झालं नाही.”

आजोबांनी किल्ली उचलून खिशात टाकली आणि काही न खाता ते निघून गेले.

सोमवारी ते टाक्यांपाशी आले. बाईही आल्या. टाक्या रिकाम्या होत्या, नुसते पाणी वाहत होते. आजोबांनी स्वतः कॉम्प्रेसर थांबवला. जोडी आता कंसात होती, म्हणून या वेळी मी ती पूर्ण उचलली आणि भोंगा असा ओरडला की पलीकडच्या रस्त्यावर एक ट्रक थांबला. आजोबांनी तो बराच वेळ वाजू दिला. बाई रडत होत्या. शेवटी आजोबा म्हणाले, “खात्याला पत्र लिही. काय झालं ते सगळं लिही. मी सही करतो.”

पत्र गेले. उत्तर अजून आलेले नाही.

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. ओळ लिहाल तेव्हा कोण आधी उठणार हे आमच्या मानपानावर सोडू नका. दोन कंस जास्त झाले तर कोणाचे काही बिघडत नाही. जे बंद करून बघायला कंटाळा येतो, तेच आधी बंद करून बघा. आणि चूक सापडली तर त्याच दिवशी सांगा. पिल्ले माझ्यामुळे गेली, ती गेलीच. पण ते चार दिवस गेले नसते तरी चालले असते. आयनोआजोबा दर सोमवारी येतात, बाईंशी नीट बोलतात, कॉफीही घेतात. शनिवारच्या न्याहारीला मात्र ते अजून जात नाहीत.