दाराशी ठेवलेली खुर्ची

आमच्या वृद्धाश्रमाच्या मागच्या अंगाला धुण्याची खोली आहे. खराब चादरी, बेडपॅन, लघवीची भांडी सगळं तिथे येतं आणि सगळं मी धुते. खिडकी आहे, पण त्या बाजूला पाहुण्यांच्या गाड्या लागतात, म्हणून आमचे व्यवस्थापक गुरुदास यांनी ती प्लायवूड ठोकून बंद केलेली. दारही लोटून घ्यायचं, वास हॉलमध्ये जाता कामा नये. माझ्या नाकात गेला तर चालतो, असं कुणी म्हणालं नव्हतं, पण ठरल्यासारखंच होतं.

दार मात्र उघडं राहायचं ते आपोलिनाबायमुळे. नवरा सांतान गेला, तसा मुलगा ब्रॅंडन मस्कतहून आला, घराला कुलूप घातलं आणि आईला इथे ठेवून परत गेला. न्याहारी झाली की ती वॉकर टेकत यायची आणि दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसायची. मी धुवायचे, ती बोलायची. सांतान माडावर कसा चढायचा, माडी कशी उतरवायचा, डुकराच्या मटणाच्या सोरपोतेलात व्हिनेगर किती घालावं. मी जन्मात सोरपोतेल खाल्लं नाही, पण आता झोपेतही सांगेन. मी तिच्यावर खेकसायचे, पाय वर घे, पाणी येतंय म्हणून. खरं सांगते, दिवसभरात तिच्याशिवाय माझ्याशी कुणी बोलत नव्हतं. मुलगा दीपेश मुंबईला, घरी मी आणि टीव्ही.

त्या दिवशी बऱ्याच जणांची पोटं बिघडलेली. टब चादरींनी भरला होता आणि त्यावर मी हायपो, म्हणजे क्लोरीनचं जंतुनाशक ओतलं होतं. वासाने डोकं उठलेलं, माझी कुरकुर चालू होती. आपोलिनाबाय मध्येच उठून गेली. परत आली ती वॉकरच्या पिशवीत बाटली घालून. सांतानने घरी केलेल्या माडीच्या व्हिनेगरची ती शेवटची बाटली. मासळीचा वास असो की आजाऱ्याच्या खोलीचा, त्यांच्या घरी त्यावर व्हिनेगरचा हात फिरवायचाच. मी पाठमोरी बेडपॅन घासत होते. तिने आत येऊन अख्खी बाटली टबात उपडी केली.

"आता बघ गो, वास खंय ऱ्हवता तो," ती म्हणाली.

घशात मिरचीची धुरी गेल्यासारखं झालं. डोळे उघडवेनात. वळले तर ती खोकून खोकून वाकलेली आणि वॉकर दारात आडवा अडकलेला. बंद खिडकीकडे बघून मी गुरुदासांना मनातल्या मनात जे म्हणाले ते इथे सांगण्यासारखं नाही. तिला कमरेला धरलं, वॉकरला लाथ घातली आणि दोघी व्हरांड्यात जाऊन पडलो.

दवाखान्यात दोघींना ऑक्सिजन लावला. हायपोत व्हिनेगर पडलं की विषारी वायू सुटतो, हे तिथे कळलं. वाचलो. गुरुदास विचारायला आले तेव्हा चूक माझीच असं मी सांगणार होते, पण माझ्या आधी तीच बोलली.

"मीच ओतलंय. तिका कायएक बोलू नकात."

ते कुणालाच बोलले नाहीत. प्लायवूड काढलं, भिंतीत हवा बाहेर टाकणारा पंखा बसवला, मला मास्क आणि हातमोजे दिले. दारावर पाटी लागली, रहिवाशांनी इकडे येऊ नये. खुर्ची पुढच्या व्हरांड्यात गेली. भांडायला माझी जीभ शिवशिवत होती. चुकणाऱ्या माणसाशी मी कधीही भांडेन. हा माणूस आता बरोबर वागत होता, त्याच्याशी काय भांडणार?

खोलीत वारा येतो. वास राहिलेला नाही. पंख्याच्या आवाजात दुसरं काही ऐकू येत नाही आणि ऐकायला तिथे काही नसतंही. मला ती खुर्ची दाराशी हवी आहे.

काल चादरी गोळा करत पुढे गेले. ती रस्त्याकडे तोंड करून बसली होती. मला बघून तिने वॉकरची पिशवी उलटी करून दाखवली.

"आता बाटली नाय गो माझ्याकडे. आता दाराशी बसूक इलंय तर चलात?"

माझ्या दोन्ही हातांत घाण चादरी होत्या. नको, असं म्हणून मी मागे आले आणि दार लावून घेतलं.